दहावा बोल्ट

"टक् वाजलं की थांबायचं, अहो," सुलभाताई गाडीच्या पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या.

बोल्ट हवा तेवढा आवळला की टक् वाजणाऱ्या त्या नव्या पान्यावर दामोदरपंतांचा विश्वास नव्हता, मनगटावर होता. त्याच मनगटाने गेल्या महिन्यात इंजिनाचा बोल्ट तोडला होता. आज पुन्हा तुटला तर गाडी भंगारात, असं घरात ठरलेलं.

आधी मधले बोल्ट, मग तिरपे समोरचे. सुलभाताई बोल्टचा आकडा सांगत, पाना टक् म्हणे. सुस्त उन्हात पंतांना वाटू लागलं, कुणालाच घाई नसलेल्या गावातलं घड्याळ वाजतंय.

दहाव्या, शेवटच्या बोल्टचा टक् झाला. हात मात्र दाबलेलाच राहिला.

"एवढासाच पिळतो."

"पिळा की. मी भंगारवाल्याला फोन लावते."

पंतांनी हात काढला.

उरलेली जोडणी होईतो ऊन कललं. किल्ली घेऊन ते वळले, तर सुलभाताई पर्स मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसलेल्या, पट्टासुद्धा लावून.