वायरींची शिकवणी

"उलटी धरलीत," ती म्हणाली. "रुंद बाजू वर. आणि जोर नका लावू, आतली जीभ तुटेल."

सरांनी वायर फिरवून पुन्हा लावली. दाढीच्या मशीनवरचा दिवा लागला. जेवणाच्या टेबलावर सहा वायरी, तीन चार्जर आणि चिकटपट्टीचं भेंडोळं पसरलं होतं. एकतीस वर्षं शाळेचा कारभार हाकलेला हेडमास्तर बायकोपुढे पहिलीतल्या मुलासारखा बसला होता.

"ही मायक्रो. जुनी जात, हिला उलटसुलट चालत नाही. ही लंबगोल तोंडाची टाइप-सी, कशीही लावा. तुमचा फोन हिच्यावर."

"आणि लॅपटॉप?"

"तोही टाइप-सीच. पण त्याला ही जाड वायर. बारीक वायरीवर फोन भरेल, लॅपटॉप नुसता ताटकळत बसेल. तोंड सारखं असलं तरी ताकद सारखी नसते."

"ही गोल पिन कसली?"

"रक्तदाबाच्या मशीनची. वायफायच्या डब्याची पिनसुद्धा तिथे बरोब्बर बसते, पण ती लावायची नाही. तिचे व्होल्ट दुप्पट आहेत, मशीन जळून जाईल. बसली म्हणजे चालली असं नसतं, अहो."

ती बावीस वर्षं फोनदुरुस्तीच्या दुकानात काउंटरला होती. तिथे काय करते, हे सरांनी कधी विचारलं नव्हतं. 'तुझ्या त्या वायरी' एवढ्यावर ते तिची नोकरी संपवत. फोन बंद पडला की टेबलावर ठेवायचा आणि "अगं, बॅटरी!" अशी हाक मारायची, एवढंच त्यांना येत होतं.

शिकवणी तीन आठवड्यांपूर्वी सुरू झाली होती. आधी वॉशिंग मशीन, मग विजेचं बिल फोनवरून कसं भरायचं ते, आता वायरी. ती घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवत सुटली होती.

"मला कशाला हे सगळं?" पहिल्या दिवशी सर चिडले होते. "तू आहेस ना?"

तिने उत्तर दिलं नव्हतं. दाताने चिकटपट्टी तोडली होती, बस्स.

ते न दिलेलं उत्तर सरांच्या मनात कुसळासारखं रुतलं. मग एकेक गोष्ट दिसायला लागली. ती वाळली होती. फोन आला की गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायची. दोनदा भरदुपारी 'काम आहे' म्हणून बाहेर पडली आणि आल्या आल्या एक जाड पाकीट कपाटात ठेवून तिने किल्ली फिरवली. जुने कपडे वाटून टाकले. एकदा तर ती खिडकीशी उभी राहून गुणगुणत होती. केवढं हे धैर्य, असं वाटून सरांना भडभडून आलं.

शेवटी राहवेना, तेव्हा त्यांनी परगावच्या लेकीला फोन लावला.

"आईबद्दल तुला काही माहीत आहे का गं?"

"बाबा, तुम्ही आईशीच बोला."

"म्हणजे माहीत आहे."

"बाबा, प्लीज. तिलाच सांगू दे."

त्या दिवसापासून सरांचा पाय एका जागी ठरेना. पेपर उघडायचे आणि त्याच ओळीवर अडकायचे. ती न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिली तरी ते दाराशी येऊन उभे राहत. रक्तदाब मोजायला बसले, तर तो इतका चढलेला निघाला की मशीनच बिघडलं असावं, असं म्हणून त्यांनी ते मिटून ठेवलं. मग ते कामाला लागले. चहा करायला शिकले. कपडे वाळत घातले. "दमलीस का?" असं आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. तिने हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पटकन तोंड फिरवलं.

शुक्रवारी तिने परीक्षा घेतली. चिठ्ठ्या काढून साऱ्या वायरी एकत्र कालवल्या. सरांनी एकेक उचलली, तोंड निरखलं, जाडी चाचपली. मायक्रो दाढीच्या मशीनला, जाड टाइप-सी लॅपटॉपला, बारीक फोनला. गोल पिनांवरचे आकडे चष्मा लावून वाचले आणि दोन्ही आपापल्या जागी लावल्या. सहावी उरली ती लेकीच्या जुन्या टॅबलेटची, चपट्या तोंडाची. तीही बरोबर.

"पास," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

सरांचा धीर सुटला. "आता पुरे. मला सगळं कळलंय."

तिचा हात जागच्या जागी थांबला. "लेकीने सांगितलं?"

"तिने तोंड नाही उघडलं. मीच ओळखलं. इतकी वर्षं मला काही दिसलं नाही, पण आता दिसतंय. लपवू नकोस. तू जिथे जाशील तिथे मी येईन. मोठ्यातला मोठा डॉक्टर गाठू."

"डॉक्टर?"

"किती दिवस आहेत, तेवढं सांग मला."

ती बघतच राहिली. मग खुर्ची ओढून समोर बसली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला.

"अहो, मला काहीही झालेलं नाही. सगळ्या तपासण्या करून घेतल्या मी. ठणठणीत आहे."

सरांनी डोळे मिटले. त्यांना हसू फुटलं, हसता हसता गाल ओले झाले, आणि ते पुसायचंही त्यांना भान राहिलं नाही.

"अगं मग हे सगळं कशासाठी चालवलं होतंस?"

"शेजारच्या शहरात खोली घेतलीय मी," ती म्हणाली. "एकटीसाठी. रविवारपासून."