घोटलेली फरशी

मुक्ताबाईंनी जास्वंदीचं फूल कासवाच्या पुढ्यात ठेवलं आणि त्या तिथेच उकिडव्या बसून राहिल्या. कासवाने मान बाहेर काढली नाही. कालचं वांगं तसंच पडलेलं, परवाची पालकाची पानं सुकून दगडाला चिकटलेली. नव्या घरात येऊन त्याला नऊ दिवस झाले होते, आणि नऊ दिवस त्याने तोंडात काही घेतलं नव्हतं.

घर मात्र बघत राहावं असं होतं. आधी कासव परसात मोकळं हिंडायचं. दिवाळीनंतर एका कुत्र्याने त्याला उलथं पाडलं, तेव्हा मुक्ताबाई नवऱ्याला म्हणाल्या, ह्याला काहीतरी निवारा करा. गोरक्षनाथांनी जन्मभर राहुरीपासून नेवाशापर्यंत देवळांचे दगड घडवले. सभामंडपातली कासवंच चाळीसेक केली असतील. स्वतःच्या घरासाठी मात्र त्यांनी साधा पाटा-वरवंटाही घडवला नव्हता. बायकोचं हे मागणं त्यांनी फारच मनावर घेतलं. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, तरी दीड महिना खपून त्यांनी काळ्या दगडाचं घर उभं केलं. गुडघाभर भिंती, उंबऱ्यावर कमळाच्या पाकळ्या, आणि तळाला अशी घोटलेली फरशी, की तीत वरचं आभाळ दिसावं. आळीतले लोक येऊन बघून गेले. गोरक्षनाथ वरवर ‘त्यात काय एवढं’ म्हणायचे, पण गडी आतून फुलला होता.

“नव्या जागंला रुळाया येळ लागतो,” ते बाजेवरून म्हणाले.

“व्हय,” मुक्ताबाई म्हणाल्या.

हे असंच राहिलं तर मरेल ते, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण दीड महिना पाठीचं धनुष्य करून बसलेला नवरा त्यांनी पाहिला होता. त्या गवऱ्या थापायला गेल्या.

थंडीतली दुपार. कारखान्याकडून मळीचा गोडसर वास येत होता. कुठेतरी उसाचं पाचट पेटवलेलं, त्याची काळी राख हळूहळू परसात उतरत होती. गोरक्षनाथांचा डोळा लागला.

झोपेत त्यांना छिन्नीचा आवाज आला. कुणीतरी दगडावर काम करत होतं, अगदी हलक्या हाताने, थांबून थांबून. हात नवा दिसतोय, त्यांना वाटलं, एकाच जागी घाव घालतोय. मग ते एका देवळात होते. देवळाला छप्पर नव्हतं, आणि फरशी पार उसाच्या फडापर्यंत गेलेली. तीवर त्यांनी केलेली सगळी कासवं उसाकडे तोंड करून चालत होती. चालत होती, पण एकही पुढे सरकत नव्हतं. गोरक्षनाथांनी हाक मारायला तोंड उघडलं, आवाज फुटेना. छिन्नी मात्र चालूच होती.

ते जागे झाले. आवाज अजून येत होता.

ते उठून दगडी घराशी गेले. कासवाने मान बाहेर काढली होती आणि चारही पाय चालवले होते. नखं फरशीवर खरवडत होती, सटकत होती. थोडा दम खायचं, की पुन्हा खरवड. जास्वंदीचं फूल वीतभर लांब होतं, आणि ते वीतभरच राहिलं.

गोरक्षनाथ बराच वेळ बघत उभे राहिले. त्यांना वाईट वाटलं आणि लाजही वाटली. मग त्यांनी भिंतीला टेकवलेली पहार उचलली.

आवाज ऐकून मुक्ताबाई शेणाच्या हातांनीच धावत आल्या. तोवर कोपऱ्यातली एक फरशी उलटली होती आणि दुसरी मधोमध फुटली होती.

“अवो, काय करताय ह्ये? एवढी घोटली हुती.”

“माझी कासवं जाग्याव बसून ऱ्हायची,” गोरक्षनाथ म्हणाले. “ह्याला चालायचं हाय.”

मुक्ताबाईंनी त्यांना अडवलं नाही. पदर डोळ्यांना लावायला हात मोकळे नव्हते, म्हणून त्यांनी तोंड दंडाला पुसलं.

फुटलेल्या फरशीच्या कडेवरून कासव घसरत खाली उतरलं आणि ओल्या मातीला लागलं. जरा वेळ ते तसंच बसलं. मग पुढच्या पायांनी उकरायला लागलं. माती उडून कमळाच्या पाकळ्यांवर पडली. मुक्ताबाईंनी फूल उचलून त्याच्या पुढ्यात टाकलं. कासवाने मान लांब केली आणि एक लाल पाकळी ओढून घेतली.

काम संपलं की गार दगडावर एकदा तळवा फिरवून बघायची गोरक्षनाथांची सवय. ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी कासवाच्या पाठीवर हात ठेवला. मग हात तिथेच राहिला.

“मुक्ते,” ते हळूच म्हणाले, “गरम हाय गं.”