साडेनऊचा चहा

"सही करणार नाही," सर म्हणाले आणि त्यांनी आपल्या पीएचडीच्या विद्यार्थिनीचा प्रबंध टेबलावर आपटला. कपातला चहा हिंदकळला.

सरांना अख्खा विभाग थेंबेश्वर म्हणायचा, अर्थात पाठीमागे. पूर्वी पाण्यातली घाण शोधायला लिटरभर विषारी द्रावक ओतावं लागे. सरांनी ते काम सुईच्या टोकाला लोंबणाऱ्या एका थेंबावर आणलं. सुई बाटलीत सोडायची, पंधरा मिनिटांत थेंब पाण्यातलं नको ते शोषून घेतो, मग तो मशीनला द्यायचा. सव्वीस वर्षं सर एवढंच करत होते. प्रत्येक भाषणाची सुरुवात ठरलेली, "जगाचं पाप पकडायला एक थेंब पुरतो." टाळ्याही ठरलेल्या.

याच थेंबानं डोंगरातल्या झऱ्यात चहाचा अंश पकडला. शोधनिबंध गाजला. नगरपालिकेनं झऱ्याजवळची टपरी उखडली. तो टपरीवाला आता विभागाच्या जिन्याखाली चहा करायचा. सरांचा साडेनऊचा चहा जुनाच, आणणारा तेवढा नवा. आत्ता तो कप न्यायला दारात उभा होता.

"टपरी जाऊन तीन वर्षं झाली, सर. झऱ्यात चहा अजून तेवढाच आहे," ती म्हणाली.

"माती चहा लवकर सोडत नाही. लिहिलंय मी तसं."

"प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यातही तेवढाच आहे."

"काहीतरीच बोलू नकोस. ते पाणी मी स्वतः रोज आठला तपासतो. शून्य येतं."

"आठला तुमचा चहा आलेला नसतो. मी अकराला तपासलं."

आपण पाहिल्याशिवाय थेंब मशीनला द्यायचा नाही, हा सरांचाच नियम. हातात कप घेऊन ते प्रत्येक उघड्या बाटलीवर ओणवे व्हायचे, नाक आत जाईल इतके.

"तुम्ही तीन आठवडे परदेशात व्याख्यानं झोडत होता," तिनं प्रबंधातला आलेख उघडला. "तेव्हा झरा शून्य, शुद्ध पाणी शून्य. तुम्ही आलात, चहा आला."

"हे पान फाड, लगेच सही करतो. पाच वर्षं घातलीस ना? पदवी हवीय ना?"

तिनं पान फाडलं. अगदी कडेनं, नीट. आणि दारातल्या माणसाच्या हातात दिलं.

"नगरपालिकेत दाखवा. खाली मशीनचा शिक्का आहे."

त्यानं पान वरून खाली पाहिलं, घडी घालून खिशात ठेवलं. मग सरांच्या पुढ्यातला कप उचलला.

"म्हणजे सर, चहा तुम्ही सांडलात आणि टपरी माझी उठली."

"अहो, कप हिंदकळला असेल कधीतरी," सरांचा आवाज सव्वीस वर्षांत पहिल्यांदा खाली आला. "एका थेंबानं असं काय होतं?"