छातीवरचा पेपर

"थांब पोरी, अशी निघू नकोस." अण्णांनी कालच्या पेपरची जाड घडी केली, माझ्या जॅकेटची चेन उघडली आणि ती घडी स्वेटरवर, छातीपाशी नीट बसवली. "गाडीवर वारा आधी छातीलाच लागतो."

मोटारसायकल त्यांचीच. निफाडच्या थंडीत कामावर जाताना ते रोज असा पेपर लावायचे. आता त्यांना माझं नाव आठवत नाही. परवा गॅस चालू ठेवून फिरायला निघून गेले. पण पेपर लक्षात आहे.

रस्ता धुक्यात बुडाला होता. हँडलवर माझी बोटं बधिर झाली होती. अण्णा माझ्या पाठीला चिकटून बसले होते, दोन्ही हात माझ्या खिशांत घालून. मध्येच मागून ओरडले, "एवढ्या थंडीत तुला एकटीला कशी पाठवतात गं? घरी कोणी नाही का?"

"वडील आहेत."

"मग ते काय झोपा काढतात?" ते खरंच चिडले होते.

वृद्धाश्रमाच्या दारात त्यांचे हात मीच खिशांतून बाहेर काढले. आतल्या बाईंकडे कपड्यांची पिशवी दिली. अण्णा कुठं आलोय ते न विचारता त्यांच्यामागे चालू लागले. मग वळून म्हणाले, "पेपर काढू नकोस पोरी. परत जाताना लागेल."

घरी पोचेपर्यंत छातीला अजिबात वारा लागला नाही. पाठ तेवढी गारठून गेली.