हातांची झीज

सासऱ्यांची जुनी पिकअप आमच्या ह्यांनी घरामागे खपून पुन्हा उभी केली. स्वयंपाकघरातला नळ गळतोय तो गळतोच आहे, पण गाडीचा एकेक स्क्रू डोळ्यांत तेल घालून बसवला. स्टिअरिंगचा रंग पार उडाला होता, त्याला मात्र हात लावू देईनात. "बाबांच्या हातांची झीज आहे ती! अशी खूण पुसतात का?"

मागच्या फाळक्यावरही तळहाताएवढे दोन डाग होते, रंग उडालेले. ते घासूनपुसून, रंग मारून चकचकीत केले.

काल सगळ्या नातेवाइकांसमोर सासरे ऐटीत स्टिअरिंगवर बसले. चावी फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली, तरी ढिम्म. ह्यांचं तोंड एवढंसं झालं.

सासूबाईंनी चहाचा ट्रे माझ्या हातात दिला, कुणी न सांगता सवयीने गाडीमागे गेल्या आणि धक्का द्यायला दोन्ही तळहात फाळक्यावर टेकवले. नेमके त्याच दोन जागी. तिथूनच मान वळवून लेकाला म्हणाल्या,

 

"इथली झीज कुणाच्या हातांची वाटली होती रे तुला?"