आरपार वारा

"खिडकी कोणी उघडली?"

फळ्यावर लिहिता लिहिता तासिच सरांनी मागे न बघताच विचारलं. मानेला गार वारा लागला की त्यांना लगेच कळायचं. निश शहरातली फेब्रुवारीची सकाळ, आठ वाजलेले, बाहेर गुडघाभर बर्फ.

"यागोदाने, सर! सगळ्यांना मारायला निघालीय ही," मागच्या बाकावरून बोयान ओरडला. "माझ्या काकांचं तोंड वाकडं झालं होतं अशाच वाऱ्याने."

"मग तू कशाला घाबरतोस?" यागोदा म्हणाली. "तुझं आधीच वाकडं आहे."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. आरपार वाऱ्याची थट्टा त्यांच्या घरात कधी कुणी केली नव्हती. माणूस लढाईतून परत येतो, पण आरपार वाऱ्यातून येत नाही, असं त्यांची आई म्हणायची. साठी उलटली तरी लोकरी बंडी अंगात चढवल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत.

"बंद कर ती."

यागोदाने खिडकी लावली. पण ती बाकावर बसली नाही. वही छातीशी धरून मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

"बस ना खाली."

"उभी बरी आहे, सर."

सरांनी टेबलावरच्या हजेरीपटाकडे पाहिलं. तिच्या नावापुढे दोन तांबड्या फुल्या होत्या. त्यांचा नियम कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होता: तासाला झोपला की फुली, आणि तीन फुल्या झाल्या की सत्राच्या शेवटी विद्यार्थ्याच्या पुस्तिकेवर सरांची सही नाही. सही नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर वर्ष गेलं, आणि यागोदासारख्या सरकारी खर्चावर शिकणाऱ्यांची तर जागाही गेली.

सर पुन्हा फळ्याकडे वळले. पुलाची एक तुळई, खाली दोन टेकू, मधोमध उभा मालट्रक. खिडकीखालचा हीटर फुसफुसत होता. हळूहळू वर्ग भट्टीसारखा तापला. माना कलू लागल्या. बोयानचा श्वास तर पहिल्या बाकापर्यंत ऐकू येत होता; त्याच्या नावापुढे फुली मारायची आहे, हेही सरांना आठवलं नाही. त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटत होता. हात सवयीने जोर दाखवणारे बाण काढत होता, आणि जागे होते ते पाहून पाहून उतरवून घेत होते.

"सर, डाव्या टेकूचा बाण चुकलाय."

सरांनी वर पाहिलं. बाण खाली गेला होता. छत्तीस वर्षं शिकवल्यावर हा बाण त्यांनी डोळे मिटूनही बरोबर काढला असता.

"मग कुठे हवा?"

"वर," भिंतीशी उभी यागोदा म्हणाली. "ट्रक खाली दाबतो, टेकू वर उचलून धरतो. नाहीतर तुळई खालीच यायची की."

वर्गभर खोडरबरं घासल्याचा आवाज झाला. बोयान दचकून उठला. "काय खोडायचंय?"

"स्वतःचं नाव," कोणीतरी म्हणालं.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं कॉफीला पळाली. यागोदा तिथेच उभी होती, पायांवरचा भार आलटून पालटून बदलत. सर तिच्याजवळ गेले. तिच्या नखांत पीठ सुकलं होतं, आणि मनगटावर तव्याच्या कडेने भाजल्याची ताजी रेघ होती.

"बेकरीत आहेस?"

"हो सर. तीनला भट्टी पेटते. सातपर्यंत बुरेक भाजून तवे काढायचे, मग इकडे."

"आणि झोपतेस कधी?"

"झोपते ना! दोनदा तुमच्याच तासाला झोपले."

सरांना हसू आलं, ते त्यांनी मफलरमध्ये दडवलं. खिशातून पेन काढलं.

"पुस्तिका दे. सही आत्ताच करून टाकतो. उरलेल्या तासांना घरी झोपत जा. बाकी कुणाला कळायची गरज नाही."

यागोदाने पिशवीतून निळी पुस्तिका काढली. क्षणभर हातात धरली. अंगठ्याने तिच्यावरचं पीठ पुसलं. आणि पुन्हा पिशवीत ठेवली.

"अशी नको, सर. तुमच्या सहीवर परीक्षेला बसेन, पण बाण कुठे जातो ते मला कोण सांगणार? फक्त खिडकी उघडी ठेवू द्या. बोटभर. गार हवा लागली की डोळे मिटत नाहीत."

सरांनी पेन खिशात ठेवलं. छत्तीस वर्षांत किती पुस्तिकांवर सह्या केल्या, याला गणती नव्हती. समोर आलेली सही नाकारून कुणी पुस्तिका परत पिशवीत घातलेली त्यांनी पाहिली नव्हती.

दुसरा तास सुरू झाला. सरांनी कोटाची सगळी बटणं लावली, टोपी कानांवर ओढली, मफलरचे दोन वेढे घेतले. आजारी पडले की काय, म्हणून मुलं बघत राहिली. सर बाकांमधून चालत मागे गेले आणि त्यांनी खिडकी उघडली. बोटभर नाही, सताड.

"सर! तुम्हीसुद्धा?" बोयान किंचाळला.

सरांना वाटलं, एकट्या खिडकीने काय होतंय? ते तसेच चालत पुढे आले आणि समोरचं दारही त्यांनी उघडलं.

वारा वर्गातून आरपार गेला. कागद उडाले. साठ पाठी एकदम ताठ झाल्या.

"मेलो!" बोयान म्हणाला.

"मेलेला माणूस इतका ताठ बसत नाही. उजव्या टेकूचा बाण काढ."

सरांनी खडू उचलला आणि वाऱ्याकडे पाठ केली. मागे यागोदाने बाक ओढला आणि त्या सकाळी पहिल्यांदाच ती खाली बसली.