हवा मानवली

मुलाच्या आयटीतल्या पगारावर अनंतराव सहकुटुंब क्रूझला गेले आणि एक दिवस बेटावर उतरले. "हा धरा, निदान एवढा तरी हरवू नका," म्हणत बायकोने एक शंख त्यांच्या हातात कोंबला आणि जोडीचा शोधायला ती खडकांमागे गेली. भोंगा वाजताच मुकाट येऊन होडीत बसली. वारज्याला परतल्यापासून तिने एकही टोमणा मारला नव्हता. तिसऱ्यांदा चहा मागितला तरी गोड हसायची. "समुद्राची हवा मानवली हिला!" अनंतराव शेजाऱ्यांना सांगत. आज बॅग आवरताना शंख सापडला. त्यांनी सहज कानाला लावला. लाटांच्या गाजेतून ओळखीचा, चिरका आवाज येत होता: "अहो, डोळे फुटले का? मी इथे खडकावर उभी आहे! होडीत कोणाला बसवून निघालात?" शंख हातातून निसटला. मागून बांगड्या किणकिणल्या आणि गोड आवाज आला, "अहो, चहा ठेवू?"